साठवायचा राहिलेला रूट

बारामतीच्या आणि इंदापूरच्या दोन कॉलेजांत पंधरा-सोळा कॉम्प्युटर जोडून मोठी गणितं करणारा एकेक क्लस्टर होता. दोन्हीकडं राउटर बसवून ते एकमेकांशी जोडायचं काम माझ्याकडं आलं.

इंदापूरची लॅब पळसदेवचे एक तात्या सांभाळायचे. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखली होती. तात्यांची सारी नोकरी मात्र या लॅबमध्ये गेलेली. प्रत्येक वायरीला पट्टी चिकटवून त्यांनी स्वतःच्या हातानं नंबर घातले होते.

इंदापूरहून बारामतीला उत्तरं येईनात, म्हणून इंदापूरच्या राउटरमध्ये मी परतीचा रूट, म्हणजे उत्तरं कुठल्या वाटेनं परत पाठवायची ती नोंद, लिहिला. जोडणी सुरू झाली आणि मी निघून आलो. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर ती दाखवायच्या वेळी इंदापूरचं एकही मशीन उत्तर देईना. तिथल्या प्राचार्यांचा फोन आला. काल माझ्यासमोर चालत होतं, कुणीतरी वायरी हलवल्या असतील, असं मी सांगून टाकलं. लॅबची किल्ली फक्त तात्यांकडं असायची.

थोड्या वेळानं तात्यांनीच फोन केला. "सायेब, म्या कशाला हात न्हाय लावला. सकाळी लाईट गेली हुती, तेवढंच."

मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी गेलो, तेव्हा तात्या कॉलेजच्या गेटवर राखणीला बसलेले. लॅबची किल्ली दुसऱ्याकडं दिली होती. राउटर उघडला, तर परतीचा रूटच नव्हता. लिहिला होता, पण कायमचा साठवायचा आदेश द्यायला मी विसरलो होतो. लाईट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला, तेव्हा तो पुसला गेला. दुरुस्तीला दोन मिनिटंही लागली नाहीत. प्राचार्यांना मी राउटरमध्ये गडबड होती एवढंच सांगितलं. कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही. बाहेर पडताना तात्यांनी विचारलं, "काय हुतं?" मी म्हणालो, "किरकोळ होतं."

खरं सांगायला मला वर्ष लागलं. तोवर तात्या गेटवरूनच निवृत्त झाले होते. मी पळसदेवला त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगितलं, माफी मागितली.

"माझ्याकडनं झालं न्हाय, ह्ये मला ठावं हुतं," ते म्हणाले. "पर त्याच दिवशी बोलला असता, तर शेवटचं वरीस लॅबात गेलं असतं."

त्यांनी आत चहा सांगितला.