माझ्यासमोर, माझ्याबद्दल

नांदेडच्या त्या खाजगी दवाखान्यात डॉक्टरनं माझ्या भावाला विचारलं, "जेवते का ही?"

मी भावाच्या शेजारीच बसले होते. "जेवते," मी म्हणाले. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं न्हाई. भावालाच म्हणाला, "मध्ये-मध्ये फार बोलते का?"

भाऊ हसला. आमच्या भोकरात याच भावाला लोक शहाणा समजतात.

आजार मला होता. न्हाई म्हणत न्हाई. पोटातलं लेकरू गेलं, झोप उडाली, भिंतीतून आवाज यायला लागले. औषध पाहिजेच होतं. पण मन आजारी पडलं म्हणून तोंडाला कुलूप लावायचा हक्क यांना कुणी दिला? रडले की आजार. गप बसले की आजार. चिडले की इंजेक्शन. त्यानं जीभ जड व्हायची, लाळ पदरावर गळायची. आणि साहेब राउंडला येऊन म्हणायचे, पेशंट शांत आहे. दगडबी शांतच असतोय.

एका सकाळी, उवा होतात म्हणून, सिस्टरनं माझी वेणी कापली. परवानगी घेतली होती. भावाची. फोनवर.

मग नसरीनबाजी भेटली; बाजी म्हणजे ताई. दवाखान्याची नोकर न्हाई, माझ्या नात्याची न्हाई. पेशंटची बाजू धरायला वॉर्डात यायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईसाठी आली होती, माझ्याजवळ थांबली. विचारलं, "तुला काय पाहिजे?"

मला सांगता येईना. हे कुणी विचारलंच नव्हतं. ती परत परत आली. माझे शब्द जुळेपर्यंत बसून राहायची. इलाजाबद्दल पेशंटचं म्हणणं ऐकावं लागतं, तसा कायदाच हाय, हे मला तिनं सांगितलं. डॉक्टरनं न्हाई.

तिला घेऊन मी डॉक्टरसमोर गेले. भाऊ होताच. डॉक्टर म्हणाला, "आता वेड्यांनाही वकील लागतात का?"

बाजी शांतपणे म्हणाली, "मी वकील न्हाई. बोलणार ती. तुम्ही ऐकता का, ते बघायला मी बसले."

मी बोलले. अडखळत बोलले. इंजेक्शन नको, गोळी घेईन. भावाच्या घरी जाणार न्हाई, चाकूरला मावशीकडं जाईन. "आणि माझी वेणी मला न विचारता का कापली?"

"चूप बस," भाऊ म्हणाला.

मी बसले न्हाई. एवढा शिकलेला डॉक्टर, वेणीचं नाव काढल्यावर नुसता पेन उघडत होता, मिटत होता. त्याचा सगळा रुबाब माझ्या गप बसण्यावर उभा होता, ते मला तेव्हा दिसलं. तरी बाजी वर तक्रार करते म्हणाली, तेव्हाच इंजेक्शन थांबलं. ऐकून न्हाई, भिऊन.

गोळ्या मी अजून घेते. आणि मावशीकडं राहून लातूरच्या दवाखान्यांत बाजीचंच काम करते. डॉक्टर लोक मला हसून 'जुनी पेशंट' म्हणतात. हसू द्या.

परवा एका दवाखान्यानं वॉचमनला सांगून ठेवलं, या बाईला आत सोडू नको. आत कॉलेजची एक पोरगी हाय. बापानं आणून टाकलीय. भेटायला या, असा निरोप तिनंच धाडलाय.

उद्या जाणार. अडवलं तर दारात बसणार. पोलीस बोलावले तर त्यांच्यासमोरबी हेच सांगणार, की तिनं बोलावलंय. तिची गाठ पडल्याशिवाय मी तिथून हलणार न्हाई.