गोळ्यांची होळी

"इंजेक्शन द्या, सलाईन द्या, कायबी द्या मॅडम. पन ती गोळी नगं. आईनं होळीपुढं शपथ घेतलीय."

गोरख मला हे बजावत होता तेव्हा त्याच्या आईला, सुमनबाईंना, फिट येऊन गेली होती. शेवगावच्या पलीकडच्या गावातून त्याने त्यांना स्वतःच्या टेम्पोत घालून नगरला आणलं होतं. जीभ चावली गेली होती, पदरावर रक्त होतं. मी मानसोपचारतज्ज्ञ. कॅज्युअल्टीतल्या फिजिशियनने मला बोलावून घेतलं, कारण मेंदूचा स्कॅन नॉर्मल, शुगर नॉर्मल, आधी कधी फिट आलेली नाही, आणि तरीही बाई घामाने निथळत होत्या. हात लटलट कापत होते.

"कुठली गोळी?" मी विचारलं.

"झोपेची. बारकी, पांढरी. रोज खायची. होळीत जाळली आमी."

"जाळली म्हणजे?"

मग त्याने सविस्तर सांगितलं, आणि तेही छाती फुगवून. त्यांच्या गावात दरवर्षी व्यसनांची होळी करतात. गुटख्याच्या पुड्या, बिड्यांची बंडलं, तंबाखूच्या डब्या आगीत टाकायच्या आणि हातात नारळ घेऊन "पुन्हा शिवणार नाही" म्हणायचं. प्रथा चांगली आहे, माझं तिच्याशी काही भांडण नाही. यंदा गोरखने आपला गुटखा टाकला. सरपंचांनी माइकवरून विचारलं, "अजून कुणाच्या घरात काय सवय हाय?" गोरखला आईच्या गोळ्या आठवल्या. तो पळत घरी गेला, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या पट्ट्या आणल्या आणि आगीत टाकल्या. आईला पुढे उभं करून तिच्या हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. व्हिडिओ निघाला.

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंचं अंग कापायला लागलं. शेजारणी म्हणाल्या, अंगात आलं. कुंकू लावलं, लिंबू उतरून टाकलं. त्यांना रात्रभर झोप नाही, भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या फिट आली. आगीत पडल्या नाहीत हे त्यांचं नशीब.

माझं डोकं फिरलं. पण चिडण्याआधी गोरखला समजावणं भाग होतं. त्याला जे सांगितलं, ते इथेही सांगते.

या गोळीचं नाव अल्प्राझोलाम. भीती आणि बेचैनी कमी करते, झोप आणते. काही दिवसांपुरती दिली तर उपयोगी औषध आहे. पण वर्षानुवर्षं रोज घेतली की शांत राहण्याचं आपलं काम मेंदू तिच्यावर सोपवून मोकळा होतो. आणि मग ती एका दिवसात काढून घेतली की मेंदू उधळतो. घाम, थरथर, भास, आणि काही जणांना फिट. गुटखा एकदम सोडला तर माणूस चार दिवस घरच्यांवर खेकसतो. ही एकदम सोडली तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो.

"करंजी घाट उतरताना भरलेला टेम्पो एकदम गिअर काढून न्यूट्रल करतोस का?" मी गोरखला विचारलं.

"येडा हाय का मी?"

"मग आईच्या बाबतीत काय केलंस?"

तो हळूच म्हणाला, "पन मॅडम, व्यसनच हाय ना ते?"

नाही. सुमनबाई कधी एकाच्या दोन गोळ्या घेत नव्हत्या. मजा म्हणून घेत नव्हत्या. शरीराला सवय लागणं वेगळं आणि व्यसन वेगळं. आणि ही सवय त्यांनी स्वतः लावून घेतलेली नव्हती. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जायचे. एका हंगामात ट्रॉली उलटून नवरा गेला. बाईंचा डोळ्याला डोळा लागेना, म्हणून एका डॉक्टरने ही गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांसाठी. पंधरा दिवसांनी काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. पुढे मेडिकलवाला नुसतं रिकामं पाकीट बघून नवं द्यायचा. चिठ्ठी मागायची नाही, तपासणी नाही, एक प्रश्न नाही. गोरख तेव्हा शाळेत होता, आता त्याची पोरं शाळेत जातात.

मला सांगा, या सगळ्यात सुमनबाईंचा गुन्हा कुठला? तरीही भर चौकात नारळ हातात देऊन उभं केलं कुणाला? त्यांनाच. लिहून देणारा डॉक्टर तिथे नव्हता. विकणारा मेडिकलवाला तर, असं मला नंतर कळलं, टाळ्या वाजवणाऱ्यांत होता!

गोरख वळणावर आला, पण खरी अडचण पुढेच होती. फिट थांबवायला दिलेल्या इंजेक्शनचा असर संपत आला, तशी मी गोळी सुरू करायला सांगितली; इंजेक्शन काही रोज देत राहता येत नाही. सुमनबाईंनी तोंड मिटून घेतलं. सिस्टरने कशीबशी दिली, ती त्यांनी थुंकून टाकली.

"बाई, नगं. गावापुढं नारळ उचललाय. पुन्हा खाल्ली तर तोंड कुठं दावू?"

"मावशी, पुन्हा फिट आली तर जीव जाईल."

"जाऊ द्या. बोल तर न्हाई ना लागायचा."

दुसरी फिट कधीही येऊ शकत होती आणि बाई अब्रूसाठी मरायला तयार होत्या. मी बाहेर आले आणि गोरखच्या मोबाईलवरून सरपंचांना फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं.

"म्याडम, आमी सोडवायची आन् तुमी पुन्हा चालू करायची व्हय?" सरपंच म्हणाले. "गावाचा नियम सगळ्यांना सारखा हाय."

"नियम करण्याआधी डॉक्टरला विचारलं होतं का?"

"व्यसन सोडायला डाक्टरला काय इचारायचं?"

"मग आता या आणि यांची बॉडी घेऊन जा. तिच्या हातातही नारळ द्या."

एका डॉक्टरने असं बोलू नये. मी बोलले. सरपंच एवढंच म्हणाले, "येतो."

ते खरंच आले, दुपारी, पांढऱ्या कपड्यांत. वॉर्डात सुमनबाईंची अवस्था बघून पायऱ्या चढतानाची ऐट उतरली. कॉटशेजारी उभे राहून म्हणाले, "मावशी, शपथ मोडत न्हाई आपन. लांबवतोय. या बाई सांगतील तशी हळूहळू सोडा. गावाची ना न्हाई."

सुमनबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि तोंड उघडलं. सिस्टरने गोळी दिली.

पुढचं काम चिकाटीचं. आधी त्यांना त्याच जातीच्या, पण अंगात जास्त वेळ टिकणाऱ्या औषधावर आणलं, म्हणजे चढउतार कमी होतात. मग डोस थोडासा उतरवायचा, काही आठवडे थांबायचं, झोप आणि थरथर बघायची, पुन्हा थोडासा उतरवायचा. त्रास वाढला तर आहे तिथेच मुक्काम. हा हिशोब प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून शेजारणीचा बघून आपला करायचा नाही. दुपारची झोप बंद, संध्याकाळनंतर चहा बंद. आणि बोलणं. सुमनबाई नवऱ्याबद्दल पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. इतकी वर्षं गोळीने त्यांना रडूही दिलं नव्हतं.

मध्ये गोरखने उतावीळपणा केला. लवकर सुटेल म्हणून मला न विचारता डोस निम्मा केला. बाई पुन्हा कापायला लागल्या. फोनवर मी त्याला इतकं झापलं की माझा कंपाउंडर दार लावून घ्यायला आला. नंतर त्याने तसं केलं नाही. पुढची होळी येऊन गेली तरी औषध चालूच होतं, आणि गावात कुणी ब्र काढला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी सुमनबाईंनी शेवटचा तुकडा घेतला. आता झोप लागते. कधी उशिरा लागते, पण त्यांची स्वतःची लागते.

त्यांची गोळी सुटल्याची बातमी गावात पसरली आणि एके दिवशी माझ्या क्लिनिकमध्ये सरपंच आले. एकटेच. दार लागल्याची खात्री करून त्यांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. तीच गोळी.

"कुणाची?" मी विचारलं.

"माजीच. लई वर्सं झाली."

मी पाकीट उचलून बघितलं. "होळीत का नाही टाकली?"

"झोप न्हाई लागत म्याडम तिच्याबिगर."

इतका संताप मला या पेशात क्वचित आला असेल. उठून निघून जावंसं वाटलं. पण समोर बसलेला माणूसही पेशंटच होता, आणि एकदम थांबवली असती तर त्यालाही फिट येऊ शकली असती. मी केस पेपर काढला. उपचाराला अट घालता येत नाही, मी घातली नाही. एवढंच म्हटलं, "माझ्याकडून ही गोष्ट बाहेर जाणार नाही. पण सुमनबाईंना तुम्ही स्वतः सांगावं, असं मला वाटतं."

त्यांनी सांगितलं. मला ते गोरखकडून कळलं, आणि इथे लिहायची परवानगी नंतर सरपंचांनीच दिली, नावगाव गाळून; बाकीची नावंही बदलली आहेत. सुमनबाईंच्या ओट्यावर बसून, मान खाली घालून त्यांनी सगळं कबूल केलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी मी फिट येऊन पडले, तवा तुमी गोळी खाऊन झोपला हुता व्हय?"

सरपंच चहा न घेता उठले, पण गोळी कमी करायला ते अजून माझ्याकडे वेळेवर येतात.

झोपेची गोळी चालू करणाऱ्याने ती कधी आणि कशी थांबवायची, हे त्याच चिठ्ठीवर लिहून द्यावं. पेशंटने ती डॉक्टरच्या नजरेखाली, पायरी पायरीने सोडावी. आणि ज्यांना होळीत काही टाकायचंच आहे, त्यांनी आधी स्वतःचा खिसा तपासावा.