साडूभाऊंच्या कच्च्या फायली

फोटो काढून तो कुणालाही पाहू न देणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा! बल्लारपूरला नोकरी, गळ्यात नवाकोरा डिजिटल कॅमेरा आणि तोंडात एकच शब्द: रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं काहीही न गाळलेली कच्ची फाइल. आम्ही साधी माणसं जेपेग काढायचो. सकाळी फोटो काढला, संध्याकाळी स्टुडिओतून हातात. साडूभाऊंना या सुखाची शिसारी होती. "जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं आपल्याच अकलेनं अर्धा माल फेकून देल्ला. मले सगळा माल पाहिजे." आता हा सगळा माल कार्डात मावेल तर ना! आलापल्लीच्या सागवनात त्यांनी सकाळभर झाडांच्या साली टिपल्या, आणि गवा रस्त्यावर येऊन उभा राहिला तेव्हा कार्ड गच्च भरलेलं. "एखादा फोटो पुसा ना भाऊ!" मी कुजबुजलो. "कोणता पुसू? सगळे रॉ हायेत!" गवा कंटाळून निघून गेला. भाचीच्या लग्नाचे फोटो मागितले की, "अजून कच्चे हायेत, बनवून राह्यलो." भाचीचा मुलगा बालवाडीत जाऊ लागला, तरी लग्न कच्चंच.

नागभीडला आमच्या सासूबाई कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढत. एकदा त्या चुलीपाशी बसल्या असताना साडूभाऊंनी गुपचूप, फ्लॅश न लावता फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता काळोख. "कोळशाच्या खाणीचा काय, भाऊ?" मी सगळ्यांसमोर विचारलं. सगळे हसले. मीही तेव्हाच एक फोटो घेतला होता आणि तोही काळाच निघाला होता, हे मात्र मी सांगितलं नाही.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत सासूबाई अचानक गेल्या. भिंतीवर लावायला एकही फोटो नव्हता. माझा काळा जेपेग स्टुडिओवाल्यानं उजळला, तर चेहऱ्याच्या जागी राखाडी चट्टे उमटले. साडूभाऊ बल्लारपूरला गेले, तीन दिवस संगणकापुढे बसले आणि तेरवीला आपला तोच काळा फोटो उजळून घेऊन आले. कपाळावरचं गोंदण, गालावर जाळाचा उजेड, ओठांत दाबलेलं हसू. माझी बायको एकदम म्हणाली, "आई काहीतरी बोलून राह्यली."

साडूभाऊ बाहेर पायरीवर चष्मा पुसत बसले होते. त्या दिवशीच्या थट्टेची माफी मागायची म्हणून मी गेलो, पण "चहा घेता काय भाऊ?" एवढंच विचारता आलं. त्यांनी मान हलवली आणि सरकून जागा केली. समोर पाण्यानं भरलेल्या भातशेताच्या बांध्या होत्या. रोवणी अर्धीच झाली होती.