ज्ञानू धनगराच्या खुनाची मिसल

आटपाडीकडच्या नानासोचा आपल्या सोनमवर भारी जीव. पण पोरीला मागणी आली ती नेमकी आष्ट्याजवळच्या मान्यांच्या घरातून, आणि नानासोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माने धनगरच, कधीचे बागायतदार झालेले. पण त्यांच्याच रानात, खतासाठी मेंढरं बसवलेली असताना, १९२१ साली नानासोच्या आज्याला, ज्ञानूला, कुऱ्हाडीनं तोडलं होतं.

मारलं मान्यांनीच, हे धाकट्या आज्यानं, बिरूनं, नानासोला मांडीवर घेऊन शंभरदा सांगितलेलं. ज्ञानूच्या मागं बिरूनंच भावजयीशी, धोंडुबाईशी, पाट लावला. तिचं तान्हं पोर, म्हणजे नानासोचा बाप, त्यानंच वाढवलं. असला देवमाणूस खोटं कशाला बोलेल?

"आवं, पोरीच्या मनात भरलंय ते स्थळ," बायको रंगुबाई म्हणाली. "तुमी बगितलं व्हतं का मारताना?"

"बगितलं न्हाई, पर कागद काढून दावतो!"

आणि १९९६ च्या उन्हाळ्यात गडी साताऱ्याच्या कोर्टात गेला; खुनाच्या वेळी जिल्हा तोच होता. आज साहेब नाहीत, उद्या या, असल्या हेलपाट्यांनी जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कुठं खटल्याच्या कागदांची मिसल हाती लागली. ती मोडीत. मग वाईचे विष्णुपंत, लोकांना मोडी वाचून देणारे, त्यांना गाठलं.

विष्णुपंत वाचता वाचता थांबले. "नानासो, पुढं वाचू ना?"

"वाचा की वो!"

आरोपी माने नव्हताच. आरोपी बिरू होता. मेंढरांच्या वाटणीवरून भावाभावांत पेटलेलं, आणि बिरूच्या हातात रक्ताची कुऱ्हाड बघितल्याची साक्ष मान्यानं दिलेली. धोंडुबाईही फौजदाराला आधी म्हणाली होती, दिरानं घाव घातला. कोर्टात मात्र म्हणाली, अंधार होता, दिसलं नाही. बिरू सुटला.

नानासोनं तेवढं पान पुन्हा वाचून घेतलं. नवरा गेलेला, पदरात पोर, दीरही फासावर गेला तर मेंढरं कोण राखणार? बाई बोलणार तरी कशी! तिचा त्याला राग येईना. राग आला तो स्वतःचा. कारण एवढं ऐकूनही बिरूची माया मनातून जात नव्हती. मुडद्यानं माझा आजा खाल्ला, असं म्हणावं, तर डोळ्यांपुढं तोच म्हातारा त्याला घोंगड्यात घेऊन निजवत होता.

खरं सांगायचं, असं एसटीत शंभरदा ठरवून तो घरी आला. मायलेकी दारातच उभ्या.

"काय घावलं?" रंगुबाईनं विचारलं.

बिरूचं नाव काही नानासोच्या तोंडातून निघेना.

"मान्यांनीच मारला," तो म्हणाला. "लिवलेलं हाय तसं."

रंगुबाईला ते पटलं नव्हतं. ती काही बोलणार, तोच सोनमनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, आई. आप्पा सवता वाचून घेऊन आल्यात. आप्पा खोटं कशाला बोलतील? न्हाई म्हणून कळवा त्यास्नी."

आणि डोळे पुशीत ती बापासाठी भाकरी थापायला आत गेली.