टॅग कोणी काढला?

"टॅग कोणी काढला?"

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून, एक हात कमरेवर ठेवून ती हे विचारायची आणि मी हातातलं काम खाली ठेवायची. घर माझं, जिना माझा, ती वरच्या खोलीतली भाडेकरू. तरी घाबरायची मीच. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आवाज चढवत नाहीत, पण समोरच्याला शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटतं.

तिचं नाव सांगत नाही. कुठे छापलेलं दिसलं तर फोन करून शुद्धलेखनाच्या चुका काढील. आमच्या घरात ती 'वरची' होती आणि आजही वरचीच आहे.

चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बनतात, तिथे ती तपासणीवर होती. पहाटे कंपनीची बस पकडायची, दुपारी परत यायची. हातात आलेली कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची सवय. राहायला आली त्या दिवशी मी कौतुकाने चहा नेला, तर बाईने बशी उचलून खालून पाहिली. मी म्हटलं, "का गं, किंमत बघतीस व्हय?"

"नाही काकू, सवय हाय. खराबी खालच्याच बाजूला असती."

परभणीकडची बोली, आणि तोंडावर हसू नाही. मी मनात म्हटलं, ही फार दिवस टिकत नाही.

आता खालच्या मजल्याचं सांगते. आम्ही रहाटणीचे जुने लोक. माझं लग्न झालं तेव्हा माझा धाकटा दीर, सुदाम, आठ वर्षांचा होता. जन्मापासूनच त्याची वाढ सावकाश. चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा, आणि पाच-सहा शब्दांवर येऊन थांबला. च्या, गाडी, वैनी, न्हाई, आणखी एखाददुसरा. वरची आली तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला, अंगाने भरलेला बाप्या होता. अंगणातल्या सगळ्या चपला जोडीने लावायच्या आणि रस्त्यावरच्या बसगाड्या मोजल्यासारख्या बघायच्या, हा त्याचा दिवस.

सासूबाई जाताना माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "सुदामला काय कमी पडू देऊ नकोस." मी ते शब्दशः धरलं, आणि धरलं तेही फक्त तोंडापुरतं. खारी, जिलेबी, आणि फळीवर लिमलेटच्या गोळ्यांची काचेची बरणी. रडला, गोळी. हट्ट केला, गोळी. पाहुणे आले, त्याने गप्प बसावं म्हणून दोन गोळ्या. वर हळदीकुंकवाला बायकांसमोर पदर डोळ्याला लावून म्हणायचे, "पोटच्या पोरासारखं केलं हो मी." पन्नाशी उलटलेली बाई, पण अक्कल अजून पाळण्यात होती. ती तेव्हाची मी आज रस्त्यात भेटली तर ओळख दाखवणार नाही.

वरची आली त्या वर्षी सुदामचं काहीतरी बिनसलं. दुपारचं जेवण झालं की तो जिन्याखाली जायचा आणि भिंतीवर डोकं आपटायचा. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा. ओरडायचा असा, की समोरच्या सोसायटीच्या गॅलऱ्या भरायच्या. दवाखान्यात नेलं, तिथे सगळं बोलणं माझं. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून काही विचारलं की उत्तर मी द्यायची. "त्याला काय कळतंय डॉक्टर, मला इचारा. त्याचा सोभावच तसा हाय." मी एवढ्या खात्रीने सांगितल्यावर ते तरी काय करणार? शांत राहायची गोळी मिळाली. सुदाम दिवसभर पेंगायला लागला, लाळ गळायला लागली, आणि दुपारी डोकं आपटायचा ते आपटायचाच.

आमचे मालक हळवे. एके दिवशी हात धुऊन आले आणि म्हणाले, "तुझ्याच्यानं व्हईना आन् माझ्याच्यानं बघवंना." लांबच्या जिल्ह्यात अशा लोकांना कायमचं ठेवून घेणारी एक जागा होती. तिचा फॉर्म त्यांनी आणला, भरला, आणि फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला. सोमवारी पाठवायचा. मी नको म्हटलं नाही. खरं सांगते, त्या रात्री मला चांगली झोप लागली.

आणि वरची खाली आली ती तक्रार घेऊनच. दया वगैरे काही नव्हती. तिची खोली त्या जिन्याच्या भिंतीला लागून. पहाटे उठून गेलेली बाई दुपारी पाठ टेकायची आणि त्याच वेळी खालून धाड धाड सुरू व्हायचं.

"काकू, मला झोपायचंय. हे कशानं होतंय ते शोधा."

"कशानं म्हंजे? त्यो तसाच हाय."

"तसाच म्हणजे कसा? कधीपासून? कोणत्या टायमाला? जेवायच्या आधी का नंतर?"

यातलं काहीच मी कधी बघून ठेवलं नव्हतं. चौतीस वर्षं पोटच्या पोरासारखं केलेली मी!

तेवढ्यात तिचं लक्ष फ्रिजकडे गेलं. फॉर्म उभ्या उभ्या वाचला, उलटा करून पाठची बाजूही पाहिली. मग पर्समधून दोरा ओवलेलं एक लाल कार्ड काढलं आणि त्या चुंबकाला अडकवलं.

"हे काय?"

"होल्ड."

कंपनीत म्हणे एखाद्या मालाबद्दल शंका आली की त्यावर लाल टॅग लावतात. मग तो माल जागचा हलत नाही. कारण सापडेपर्यंत टॅग काढायचा नाही, साहेबानेसुद्धा नाही. "कारण सापडलं नाही तोवर पाठवणी नाही," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

मी फणफणले. "भाडेकरू हाय का सासू?" असं जिन्याकडे बघून मोठ्याने म्हटलंसुद्धा. मालकांनी मात्र कार्डाला हात लावला नाही. त्यांना न पाठवायला निमित्तच हवं होतं, हे मला फार नंतर कळलं.

पुढच्या सुटीला तिने जुन्या लग्नपत्रिका मागितल्या. लाल तेवढ्या निवडून कापल्या, भोकं पाडून लोकरीचे फास ओवले आणि सुदामच्या शेजारी पायरीवर बसली. त्याची एक चप्पल अंगठ्यापाशी तुटली होती. तिने चप्पल उलटी केली, तुटलेली जागा त्याच्या बोटाने त्यालाच चाचपायला लावली आणि टॅग अडकवला. मग त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या चांभाराकडे गेली. चप्पल शिवून झाल्यावर टॅग काढला तो सुदामने, स्वतःच्या हाताने.

दुसऱ्या दिवशी गळका नळ. तिसऱ्या दिवशी डुगडुगणारं स्टूल. प्रत्येक वेळी तेच. टॅग लावायचा, कोणीतरी येऊन दुरुस्त करायचं, मग सुदामने टॅग काढायचा. आठवड्याभरात त्याच्या ध्यानात आलं की हे लाल कार्ड लावलं की माणसं धावत येतात. मग काय विचारता! मालकांच्या स्कूटरला टॅग. माझ्या कारल्याच्या भाजीच्या पातेल्याला टॅग. त्याचे गाल ओढणाऱ्या माझ्या नणंदेच्या अंबाड्याला टॅग, आणि तो घेऊन ती काळेवाडीपर्यंत रिक्षाने गेली. मी चिडायची. वरची म्हणायची, "तो सांगायलाय काकू. ऐका."

एकदा टॅग गोळ्यांच्या बरणीला दिसला. मी म्हटलं, लबाड, गोळी पाहिजे होय? टॅग काढून फेकला आणि गोळी दिली. दुसऱ्या दिवशी परत बरणीला टॅग. परत काढला, परत गोळी. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि त्या दुपारी त्याने डोकं इतकं आपटलं की कपाळ फुटलं.

मी हळद दाबत होते. वरची जिन्यावरून उतरली. फरशीवर पडलेलं लाल कार्ड तिने उचललं.

"टॅग कोणी काढला?"

"मी काढला. गोळी मागत हुता त्यो."

"गोळी मागायला बरणीकडं हात करतो ना तो? मग टॅग कशाला लावील?"

तिने बरणी खाली उतरवली, सुदामसमोर ठेवली आणि स्वतः फरशीवर मांडी घातली. "सुदामभाऊ, ह्याच्यात काय खराबी हाय?"

मी तोंड उघडणार, तर तिने वर न बघताच हात आडवा केला. सुदामने बरणी उघडली. एक गोळी काढली, ओठापर्यंत नेली आणि परत आत टाकली. मग तिच्या हातातलं कार्ड घेतलं, त्याचा फास उजव्या कानात अडकवला आणि सोडून दिला. लाल कार्ड त्याच्या गालावर लोंबत राहिलं, एखाद्या नवरीच्या डुलासारखं. बरोबर दाढेवर.

"वैनी," तो म्हणाला.

आयुष्यात मला कोणी एवढं सरळ काही सांगितलं नव्हतं.

महिनोन्महिने त्याची दाढ ठणकत होती. जेवलं की ठणका वाढायचा म्हणून तो दुपारी डोकं आपटायचा, आणि डोकं आपटलं की मी किडक्या दाढेवर गोळी ठेवायची. मी, त्याची प्रेमळ वैनी! हळदीकुंकवाला हा भाग मी नंतर कधी सांगितला नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

दाताच्या डॉक्टरकडे त्याला धरून न्यायला मालक चार पुतणे गोळा करत होते. वरचीने ते थांबवलं. पहिल्या दिवशी नुसतं जायचं, खुर्चीत बसायचं, खुर्ची वरखाली करून घ्यायची आणि घरी यायचं. सुदाम हसला, त्याला ती बसगाडीच वाटली. घरी आरशासमोर बॅटरी धरून आ करायचा सराव. दुसऱ्या खेपेला डॉक्टरने नुसता आरसा आत घातला. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "कुठे दुखतंय, काका?" मी लगेच, "अहो, त्याला..." आणि वरचीने माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला. सुदामने कार्ड कानात अडकवलं.

तिसऱ्या खेपेला दोन दाढा काढल्या. तो ओरडला, नाही असं नाही. माझा हात इतका आवळला की बांगडी वाकली. पण पळाला नाही. पेंगवणारी गोळी पुढे डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केली आणि मग बंद झाली.

तोंडातली जखम भरून आल्यावर पहिल्यांदा तो पोटभर वरणभात जेवला. जेवून पायरीवर बसला. मी आणि मालक स्वयंपाकघरात कान लावून उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. तेवढ्यात वरून धडधडत वरचीच खाली आली, केस मोकळे, डोळे तारवटलेले.

"काय झालं? आवाज का नाही?"

सुदाम भिंतीला टेकून घोरत होता. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "आता मला झोप लागंना." तोंडावर पदर घेऊन मी हसले, हसले, आणि मग माझं मलाच आवरेना. मालक मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

फ्रिजवरचा टॅग कोणी काढायचा, हा प्रश्न तिने सोडवला. तिने सुदामलाच बोलावलं. त्याने टॅग काढला, फॉर्म काढला, आणि दोन्ही तिच्या हातात दिलं. तिने फॉर्मच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारून तक्ता आखला. सकाळी दात, रात्री दात, संध्याकाळी चौकापर्यंत चालणं. सुदामने रोज खूण करायची. खूण राहिली की ओरडा मला! तिच्या बसची वेळ बदलून संध्याकाळची झाली की सुदाम तिला सोडायला चौकात जायचा. वर्षभरात त्याचा सदरा सैल झाला. बरणीत आता फुटाणे असतात.

चऱ्होलीला तिने स्वतःचं घर घेतलं, त्यालाही आता काही वर्षं झाली. जाताना माझ्या पाया पडली आणि उठता उठता शेजारी पडलेल्या पाटाची खालची बाजू बघून घेतली.

ती गेली त्या संध्याकाळी वर दिवा लावायला गेले तर बंद खोलीच्या कडीला लाल टॅग. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. खाली येऊन तिला फोन लावला. "तुझ्या दाराला टॅग लागलाय गं."

पलीकडे तिने आधी चालू नळ बंद केला. मग म्हणाली, "कारण सापडलं का?"

"सापडलंय. पर दुरुस्त व्हायचं न्हाई."

"मग राहू द्या."

महिन्या-दोन महिन्यांनी ती येते. आली की सुदाम तिचा हात धरून वर नेतो, टॅग काढतो, खिशात ठेवतो. तिची रिक्षा वळली की परत अडकवून येतो. उन्हाने ते कार्ड गुलाबी झालंय. आता त्या खोलीत दापोडीहून आलेलं एक नवीन जोडपं राहतं. परवा त्या मुलीने दाराला नवं तोरण लावताना कार्डाला हात घातला, आणि मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी होते.

"टॅग काढायचा न्हाई," मी म्हटलं.

खालून सुदाम म्हणाला, "न्हाई."