शेवटच्या बाईचा पदर

या सदरातले अद्भुत अनुभव मी आजवर वाचले ते सांगणाऱ्याच्या भाषेसाठी. खरा मानून एकही वाचला नाही. घरी कुणी अंगारा घेऊन आलं, की चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात निघून जाणारी मी बाई... त्यामुळे हे लिहायला वेळ लागतोय. रोज चार ओळी लिहिते, थांबते.

गेल्या श्रावणात माझी माय गेली. शेवटची दोन वर्षं तिला मी ओळखू येत नव्हते. भाऊ आणि त्याची बायको सुनीता रोज डोळ्यांसमोर, म्हणून ती दोघं तिला आठवायची. मी अंबाजोगाईहून दर रविवारी माजलगावला जायचे, तिच्या पलंगाशी बसायचे; आणि ती अंगावरचं पांघरूण नीट करून अदबीनं विचारायची, "बाई, तुमी कुणाच्या?" मी म्हणायचे, "तुझीच." ती हसायची — पाहुणीनं थट्टा केल्यावर हसतात तसं. ती गेली तेव्हाही तिच्या लेखी मी पाहुणीच होते. हे काही केल्या माझ्या मनातून जात नव्हतं.

माय तरुणपणी गावातल्या जुन्या जिनिंगमध्ये कामाला होती. निजामाच्या काळातली दगडी इमारत. तिथे कापसातून सरकी वेगळी करायची यंत्रं होती. पुढे ती बंद पडली, आत बाभळी वाढल्या, शेळ्या बसू लागल्या. आता तिथे कलाकेंद्र झालंय. दिवाळीनंतर, नवा कापूस आला की काही दिवस ते सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. तिकीट नाही, ओळखपाळख नाही, कुणीही यावं.

"आक्का, किती दिवस पुस्तकात तोंड घालून बसणार?" मी माहेरी गेले होते तेव्हा सुनीता म्हणाली. "चला, आत्याबाईची जिनिंग तरी बघू." म्हणून गेले.

मी कौतुक करायच्या मनःस्थितीत नव्हते, पण करावंच लागलं. केंद्र चालवणाऱ्या मुलामुलींनी इमारतीला रंग फासलेला नाही. दगडाला दगड राहू दिलंय. पत्र्याला जिथे भोकं पडली होती तिथे काचा बसवल्यात, त्यातून उन्हाचे कवडसे फरशीवर उतरतात. जिथे रुईच्या गाठी दाबायचे तिथे गावातल्या पोरी नाटकाची तालीम करत होत्या, चुकल्या की मोठ्यानं हसत होत्या. सरकीच्या कोठारात चित्रं मांडलेली. एका मेंढपाळाच्या मुलीनं कोळशानं मेंढ्या काढल्या होत्या — इतक्या जिवंत, की सुनीता जवळ जाऊन म्हणाली, "ही मागची लंगडतीय बघा." खरंच लंगडत होती. कित्येक महिन्यांनी मला काहीतरी बघत उभं राहावंसं वाटलं.

मोठ्या दालनात एक जुनं यंत्र त्यांनी दुरुस्त केलंय. ते चालवून दाखवणार होते आणि माहिती सांगायला जुन्या कामगारांपैकी सुगंधामावशींना बोलावलं होतं. माझी त्यांची ओळख नव्हती. शिक्षणासाठी मी फार लवकर गाव सोडलं.

"ए पोरींनो, वळीत हुब्या ऱ्हावा!" मावशींनी दारातच सगळ्या बायकांना अडवलं. "ह्या मशिनीच्या पट्ट्याला काय लाज न्हाई. पदर, वढनी, येनी, काय बी वढून घेतो. पुढचीचा पदर मागचीनं खोचायचा. सोत्ताचा सोत्ता खोचायचा न्हाई."

"कावून ओ?" सुनीतानं विचारलं.

"कावून म्हंजी? तुला पाठ दिसती व्हय तुझी?"

सगळ्या हसल्या. कुणीतरी विचारलं, "मग शेवटच्या बाईचा कोण खोचणार?"

"गयाबाय खोचायची. सोत्ताचा आधीच आवळून दारात हुबी ऱ्हायची आन् समद्यांच्या मागून आत यायची."

गयाबाई म्हणजे माझी माय. रांगेत शेवटची मीच होते.

मी सुनीताचा पदर खोचला. माझ्या मागे कुणी नव्हतं, म्हणून माझा हातात धरून, रांगेबरोबर आत जाऊन दाराशी उभी राहिले. यंत्र सुरू झालं. आवाज कानात नाही, छातीत वाजत होता. रुईचे बारीक तंतू उन्हात तरंगायला लागले. फार सुंदर होतं ते. मी वर बघत होते — आणि माझ्या हातातला पदर मागून कुणीतरी काढून घेतला. ओढला नाही, लहान लेकराच्या हातातून विळी काढून घ्यावी तसा काढून घेतला. उजवीकडून पुढे आणला, पीळ दिला, डाव्या कंबरेशी घट्ट खोचला आणि वरून मुठीनं हलकेच एक ढोसणी दिली.

केंद्रातली एखादी मुलगी असेल म्हणून मी वळले. मागे उघडं दार. पलीकडे भर दुपारचं अंगण, आणि अंगणात कुणी नाही.

भीती वाटली नाही. नवल मला त्याचंच वाटतं.

यंत्र थांबल्यावर सुनीता माझ्याकडे वळली. "अगंबाई! मी तुमचा खोचणार होते, तर खोचलेलाच! आन् हा पीळ कसला?"

सुगंधामावशी जवळ आल्या. वाकून बघितलं, हात मात्र लावला नाही. "आसा खोचायला कुनी शिकवलं तुमाला?"

"मी नाही खोचला."

"तुमी कुनाच्या?"

"गयाबाईची. थोरली."

"मंग त्यात काय? तिनंच खोचला आसंल." शेजारी बसलेल्या बाईबद्दल बोलावं तशा त्या बोलल्या.

"मावशी, आत्याबाई श्रावणात गेल्या ओ," सुनीता हळूच म्हणाली.

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "गेली व्हय... आमाला कुनी सांगितलं बी न्हाई." मग म्हणाल्या, "लई ताठ बाई. मालकाकडच्या पाव्हन्या आल्या तर लांबूनच वरडायची, बाई, पदर सांभाळा. परक्या बाईच्या पदराला तिनं कंदी हात लावला न्हाई."

नंतर मी पुष्कळ विचार केला. नकळत मीच खोचला असेन म्हणावं, तर आरशासमोर मला तो पीळ जमत नाही. सैल पडतो, सुटतो. कुणी पटकन येऊन गेलं म्हणावं, तर अंगण मोठं आहे, आणि मी लगेच वळले होते. केंद्रातल्या एका मुलीनं मोबाईलवरचं चित्रण दाखवलं. त्यात मी नेमकी खांबाआड आहे. मनाचा खेळ म्हणावं, तर पीळ दोघींनी पाहिला. स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. कुणी दिलं तर मी ते शांतपणे ऐकून घेईन.

घरी आल्यावर सुनीता म्हणाली, "आता तरी सोडा तो पदर, जेवायला बसा." मी तशीच बसले. दोन वर्षं दर रविवारी मी मायला सांगत होते, मी कुणाची ते. त्या दुपारी तिनं विचारलं नाही.