पांढऱ्या कोटाचा सिनेमा

मास्तरांच्या दुकानात कोट शिवायला टाकणाऱ्या प्रत्येकाला एक सिनेमा फुकट ऐकावा लागे. टेप गळ्यात टाकून माप घेता घेता ते सुरू करत. सिनेमा काळापांढरा, अमेरिकन, तिकडच्या सिनेमाचा सुवर्णकाळ म्हणतात त्या वेळचा. आठ वर्षांचे असताना थोरल्या बहिणीबरोबर दुपारच्या खेळाला पाहिलेला. भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण शेवटी नायिका स्टेशनचा उंच जिना उतरते, अर्ध्यावर थांबून मागे बघते आणि अंगातल्या पांढऱ्या लांब कोटाची कॉलर दोन्ही हातांनी वर करून धुक्यात चालू लागते. इथवर आलं की मास्तर गिऱ्हाइकाचीच कॉलर चिमटीत धरून वर करून दाखवत. "तो कोट बघितला आणि माझं ठरलं," ते म्हणत. "शिवायचं तर असं काहीतरी."

सिनेमाचं नाव त्यांना माहीत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. अडलं ते दातांच्या डॉक्टरांचं. हे डॉक्टर दवाखाना मुलीच्या हवाली करून मोकळे झालेले आणि जुन्या अमेरिकन सिनेमांच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे जेमतेम पंचवीस-तीस डोकी. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून ही मंडळी सिनेमा बघत आणि नंतर चहा पीत त्यावर तावातावाने भांडत. वर्षातून एकदा मात्र त्यांचा थाट असे. त्या दिवशी पुरुष फेल्टच्या हॅट आणि रुंद छातीचे सूट घालून येत, बायका कोपरापर्यंत हातमोजे चढवत आणि सगळे एकमेकांशी जरा नाकातून बोलत. तसाच एक सूट शिवून घ्यायला डॉक्टर आले होते. मास्तरांचा सिनेमा ऐकला आणि ते टेपसकट जागच्या जागी गर्रकन वळले.

"नायक करतो काय त्यात?" त्यांनी विचारलं.

"पियानो वाजवतो. पण एकाच हाताने. दुसऱ्याला लढाईत काहीतरी लागलेलं असतं."

"आणि घरमालकीण बहिरी?"

"ठार बहिरी," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांना तो सिनेमा माहीत होता. स्वतः पाहिलेला नव्हता, पण त्याच्याबद्दल वाचलं होतं. प्रत मिळणं कठीण, असं म्हणून ते गेले आणि वर्ष-दीड वर्षाने एक दिवस दुकानाच्या पायऱ्या धापा टाकत चढून आले. प्रत मिळाली होती. यंदाच्या थाटाच्या दिवशी तोच दाखवायचा, आधी मास्तरांनी चार शब्द बोलायचे आणि मास्तरांनीच शिवलेला तो पांढरा कोट घालून ग्रंथपालबाईंनी पाहुण्यांचं स्वागत करायचं, असं मंडळाने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. मास्तर त्याच दिवशी मंडळाचे सभासद झाले.

कोटाला त्यांनी जीव लावला. कापड चार दुकानं पालथी घालून आणलं, शुभ्र नको आणि पिवळटही नको म्हणून. कॉलर नीट उभी राहीना, म्हणून आतला कॅनव्हास दोनदा उसवला. काजं मशीनवर न घालता हाताने केली. बायको दुकानात येऊन बघून गेली. तिच्या स्वतःच्या कोटाची दोन बटणं किती हिवाळे नुसती डबीत पडून आहेत, एवढंच ती बोलली. मास्तरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कागदावर एक रेघही न काढता ते कोट कापत होते. कंबर कुठे आवळायची, घेर कुठून सोडायचा, खिशाची पट्टी किती तिरकी, सगळं डोळ्यांसमोर लख्ख होतं.

त्या दिवशी हॉल गच्च भरला. ग्रंथपालबाई उंच, सडपातळ. दारात कोट घालून उभ्या राहिल्या तेव्हा आत येणारा प्रत्येकजण क्षणभर थबकला. मास्तरांचे चार शब्दही बरे झाले. बोलायची सवय नव्हती, पण ही गोष्ट त्यांनी गिऱ्हाइकांपुढे इतक्यांदा घोटली होती की ती आपोआप तोंडातून आली. शेवटचा जिना नीट बघा, एवढं सांगून ते पहिल्या रांगेत बसले.

सिनेमा सुरू झाला. पियानो होता. एक हात गळ्यात बांधलेला नायक होता. बहिरी घरमालकीण दार वाजलं तरी ढिम्म बसून होती. मास्तर खुशीत शेजारच्या डॉक्टरांना कोपराने ढोसत होते. मग नायिका आली, ती आखूड लोकरी जाकीट आणि गडद झग्यात. आता बदलेल, मास्तर मनाशी म्हणाले. पण तिचे कपडे काही बदलेनात. गरीब शिक्षिका होती ती, तिच्याकडे दुसरं जाकीट असायचं कारणच नव्हतं. स्टेशन आलं. ते सपाट होतं, खेड्यातलं, एक बाक आणि एक दिवा. कुठलाही जिना नाही. नायक गाडीतून उतरला, नायिका बाकावरून उठली, दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि सिनेमा संपला.

दिवे लागले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी मध्येच थांबले. ग्रंथपालबाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या, कोट काढावा की ठेवावा ते न कळून. एवढ्या गर्दीत त्यांना घाम फुटला होता.

मास्तरांना काय झालं तेच कळेना. ते पडद्याकडे बघत राहिले, जणू अजून काही यायचं राहिलंय. मंडळींनी मात्र लगेच बाजू वाटून घेतल्या. शेवट कापलेला असणार, त्या काळी गावोगावी वेगवेगळ्या लांबीच्या प्रती फिरत, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं की हा सिनेमाच चुकीचा, पियानो काय दहा सिनेमांत असतो. यावर डॉक्टर चिडले. पियानो दहांत असेल, पण एका हाताचा पियानो आणि बहिरी घरमालकीण? भांडण चांगलं रंगलं. मास्तरांना कुणी दोष दिला नाही, उलट सगळे त्यांच्या बाजूनेच भांडत होते. त्यामुळे ते जास्तच कानकोंडे झाले.

पुढचे काही दिवस त्यांचं कशात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. रस्त्याने जाताना थांबून ते आठवणी तपासत. शाळेचं दार हिरवं होतं का? वडील डाव्या हाताने जेवत, हे तरी खरं का? जिना डोळ्यांसमोर आणला की येई, पायऱ्यांसकट येई, त्यावरचा पितळी कठडासुद्धा दिसे. मग तो होता कुठे? बायकोने त्यांना बाह्या उसवताना पाहिलं आणि सांगितलं, की सिनेमाला दोघं गेला होतात ना, मग दुसरीला जाऊन विचारा. हे त्यांना आजवर सुचलंच नव्हतं.

थोरली बहीण, त्यांची ताई, शहराच्या दुसऱ्या टोकाला औषधांच्या दुकानावर राहायची. लग्न केलेलं नाही. आईवडिलांचं शेवटपर्यंत तिनेच केलं आणि नंतर त्याच दोन खोल्यांत राहिली. तिला घर सोडवत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, मास्तरांनीही. ते गेले तेव्हा ती खिडकीतल्या कुंड्यांची माती उकरत होती. तिने चहा ठेवला, सगळी हकिगत ऐकली आणि कोटाचं ऐकून तिला हसू आलं.

"तुला काय दिसणार होता कोट?" ती म्हणाली. "त्या दिवशी तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं मी. थेंब घातले होते. दाराच्या चौकटीला धडकत होतास."

मास्तरांना थेंब आठवेनात. पण मग एकदम गाठ सुटल्यासारखं वाटलं.

"म्हणजे तू सांगत होतीस," ते म्हणाले. "शेजारी बसून. तू बघून मला सांगितलंस."

"मी कुठली सांगते. तू सांगत होतास मला."

"मला दिसत नव्हतं ना?"

"मलाही दिसत नव्हतं. मी रडत होते."

मास्तर कपाकडे हात नेता नेता थांबले. ताईने गॅस बारीक केला आणि गोष्ट दुसऱ्या कुणाची असावी तशी सांगितली. तिची परिचारिकेच्या शिक्षणासाठी निवड झाली होती, दुसऱ्या शहरात, राहण्याजेवणासकट. वडिलांनी सकाळीच नाही म्हणून सांगितलं. एकदाच सांगितलं, कारणही दिलं नाही. घरात रडायला जागा नव्हती. डोळे तपासायला न्यायचं निमित्त मिळालं, तपासणी लवकर आटोपली, आणि समोर सिनेमागृह होतं. अंधार मिळेल म्हणून ती आत शिरली. दोन तास तिने तोंडावरचा रुमाल काढला नाही. मध्येच भावाला संशय येऊ नये म्हणून ती विचारायची, आता काय झालं रे? आणि तो सांगायचा.

"काय सांगायचो?"

"भरपूर सांगायचास. गप्प बसत नव्हतास. पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून रागावला."

मास्तर चहा तसाच ठेवून मनाशी जुळवू लागले. त्यांना दिसत नव्हतं, तिला दिसत नव्हतं. मग बघितला कुणी तो सिनेमा? पियानो खरा निघाला, बहिरी बाई खरी निघाली, म्हणजे काहीतरी अंधुक दिसत असणार. बाकीचं त्यांनी बहिणीला सांगता सांगता रचलं असेल. की तिचं रडणं कळलं होतं म्हणून रचलं? आठ वर्षांच्या पोराला एवढं कळतं? आणि कळलं होतं, तर इतकी वर्षं ते गेलं कुठे? कोटाचा प्रश्न घेऊन आले होते ते. कोट बाजूलाच राहिला आणि हे दुसरंच अंगावर आलं.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तू आठ वर्षांचा होतास."

"नंतर?"

"नंतर तू दुकान टाकलंस," ताई म्हणाली. हे उत्तर आहे की नाही, ते मास्तरांना कळलं नाही.

डॉक्टरांना मास्तरांनी सगळं सांगितलं नाही, फक्त ताईला तो सिनेमा बघायचाय एवढंच सांगितलं. एका रविवारी दुपारी डॉक्टरांनी दोघांना घरी बोलावलं, पडदे ओढले आणि सिनेमा लावला. ताईने चष्मा पुसून नीट बसवला. ती ताठ बसून बघत होती, परीक्षेला बसल्यासारखी. नायक पियानोवर बसला तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"हा जिवंत कसा?"

डॉक्टरांनी सिनेमा थांबवला. "का, मरतो की काय?"

"लढाईत मेलेला असतो. ती बिचारी शेवटपर्यंत वाट बघते आणि मग एकटीच निघून जाते. ह्यानेच सांगितलं होतं मला. ते ऐकून तर मी आणखी रडले होते."

डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी खांदे वर केले; असं सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आपण बहिणीला समजावायचं सोडून आणखी रडवलं, याचं वाईट वाटावं की काय, तेही त्यांना ठरवता येईना. तुम्हाला दोघांना मिळून एक वेगळाच सिनेमा दिसला होता आणि तो ह्याच्यापेक्षा चांगला असावा, असं डॉक्टर म्हणाले. मग पुढे लावू का, म्हणून विचारलं.

"लावा," ताई म्हणाली. "पैसे देऊन आत गेलो होतो. काय होतं ते कळू तरी दे."

शेवटी नायक गाडीतून उतरला तेव्हा ती "अगंबाई" म्हणाली आणि समाधानाने मागे टेकली. सिनेमा तिला आवडला. बहिऱ्या घरमालकिणीचं काम फार चांगलं झालंय, असं तिने डॉक्टरांना दोनदा सांगितलं. डॉक्टरांनी तिला मंडळात यायचं आमंत्रण दिलं. बघते, गुडघे काय म्हणतात त्यावर आहे, असं ती म्हणाली.

परत जाताना मास्तर तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. ऊन उतरलं होतं. बंद दुकानांच्या काचांत दोघं पुढे-मागे चालताना दिसत होती. पुन्हा कधी परिचारिका व्हायचा प्रयत्न केला का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"केला होता एकदा. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा," ती म्हणाली. "तोवर वय निघून गेलं होतं. पण त्यांना सुई मीच द्यायचे. त्यांचे डॉक्टर म्हणायचे, हात चांगला आहे."

मास्तर त्या काळात दर रविवारी वडिलांना बघायला जात. सुई कोण देतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बस आली. ताई कठडा धरून सावकाश चढली, खिडकीशी बसली आणि आता जा म्हणून हाताने खुणावलं. बस वळून गेली तरी ते तिथेच उभे होते, ताईचं आणखी काय काय आपल्याला माहीत नाही याचा अदमास घेत. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपली बस समोरच्या बाजूने सुटते, आणि ते रस्ता ओलांडायला निघाले.